अज्ञान पालनकर्ता

बँकेच्या नोकरीत असताना काही शब्द दररोज डोळ्यांखालून जात असत. परंतु त्यांचा अर्थ मनापर्यंत पोहोचण्यास सेवानिवृत्ती यावी लागली. ‘अज्ञान’ हा त्यांपैकीच एक. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला कायद्याच्या मराठीत ‘अज्ञान’ म्हणतात आणि अठरा पूर्ण होताच तीच व्यक्ती ‘सज्ञान’ होते. ज्यांच्या घरी शेतजमीन आहे, त्यांनी सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ ही अक्षरे अवश्य पाहिली असतील. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अज्ञानाचे पालन करणारा. मूल सज्ञान झाल्यावर वयाचा दाखला जोडून, तलाठ्याकडे अर्ज देऊन ही नोंद कमी करून घ्यावयाची असते. पुष्कळ जण ते करीत नाहीत. केस पांढरे झालेल्या गृहस्थांच्या नावापुढे ‘अ. पा. क. आई’ अशी नोंद मी कर्जप्रकरणांच्या कागदपत्रांत कितीतरी वेळा पाहिली आहे. आई जाऊन पंधरा वर्षे झालेली, आणि कागदावर चिरंजीव अद्याप अज्ञानच!

गेल्या महिन्यात माझा पुतण्या एका दस्तऐवजाचा मसुदा घेऊन घरी आला होता. बोलता बोलता त्याने एक वाक्य उच्चारले आणि अठरा वर्षांपूर्वीचे एक प्रकरण, जे मी मनाच्या तळघरात कुलूपबंद करून ठेवले होते, ते पुन्हा उघडले गेले. वाचकहो, या सदरातून मी आजवर आपल्याला ठेवी, वारसनोंद, मृत्युपत्र यांविषयी पुष्कळ सांगितले. आज माझ्याच हातून झालेली एक चूक सांगणार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पेढी आहे, मुले आहेत, आणि भागीदारीचे करारपत्र कपाटात आहे, म्हणून सांगतो.

प्रथम बँकेतील रीत सांगतो. लेजरच्या काळात अज्ञान मुलाचे खाते उघडले की खात्याच्या शिरोभागी तांबड्या शाईने जन्मतारीख लिहिली जाई. ते खाते वडील अथवा आई चालवीत. मात्र त्यात उचल देता येत नसे. अज्ञानाचे खाते सदैव जमेतच असले पाहिजे, हा नियम आजही तसाच आहे. ज्या दिवशी मूल अठरा वर्षांचे होई, त्या दिवसापासून पालकाचा त्या खात्यावरील अधिकार संपे. मुलाने स्वतः यावे, नमुन्याची सही द्यावी, खाते कसे चालवावयाचे त्याच्या नव्या सूचना द्याव्यात आणि आजवर पालकाने चालविलेल्या खात्यातील शिल्लक आपल्याला मान्य आहे, असे लिहून द्यावे. त्यानंतरच व्यवहार सुरू.

मी अधिकारी झाल्यावर या बाबतीत फार काटेकोर होतो. दर महिन्याच्या आरंभी त्या महिन्यात सज्ञान होणाऱ्या मुलांची यादी काढून पालकांना पत्रे पाठवीत असे. एकदा एक भुसार व्यापारी काउंटरवर संतापले. “माझा मुलगा, माझा पैसा, मीच भरलेला. आणि मला काढता येत नाही?” मी त्यांना आत बोलावले, चहा दिला आणि म्हणालो, “शेठजी, कालपर्यंत काढता येत होता. काल त्याचा वाढदिवस झाला.” ते माझ्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आले. त्या मुलाने सही करताना जीभ दातांत धरली होती, हे मला आजही आठवते. सही झाल्यावर शेठजींनी ती जवळ घेऊन पाहिली आणि “माझ्यासारखीच वळणाची आहे,” असे म्हणाले. राग कुठल्या कुठे गेला होता.

असे प्रसंग काउंटरवर बसणाऱ्याला पुष्कळ लाभतात. गल्ला फोडून चिल्लर फडक्यात बांधून आणणारी पाचवीतील मुलगी, आपले पासबुक भावाच्या पासबुकापेक्षा जाड आहे म्हणून मिरविणारा मुलगा. २०१४ साली रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः उघडून स्वतः चालविण्याची मुभा दिली, तेव्हा तर सह्या गिरविणाऱ्या मुलांची आमच्या शाखेत रांग लागे. आईच्या सहीचा प्रश्नही असाच आठवणीत आहे. १९५६ च्या पालकत्वविषयक कायद्यात, जो आपणा जैनांनाही लागू आहे, ‘पिता, आणि त्याच्यानंतर माता’ असा क्रम आहे. १९८४ साली लेखिका गीता हरिहरन यांनी मुलासाठी ९ टक्के व्याजाच्या रोख्यांचा अर्ज केला, तो वडिलांची सही नाही म्हणून परत आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९९ साली निर्णय लागला की ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असे नव्हे. वडील हयात असतानाही, ते मुलाचा भार वाहत नसतील तर, आई पालक असू शकते. आमच्या सौ.नी ती बातमी वाचून एवढेच म्हटले, “हे कळायला न्यायालय लागलं?” माझ्या अठ्ठावीस बदल्यांच्या वर्षांत मुलाचा ताप, शाळेचे प्रगतिपुस्तक आणि गृहपाठ या सर्वांचे पालकत्व त्यांच्याकडेच होते. असो.

आता आमच्या घराकडे वळतो.

आमचे मूळ घर सांगलीचे आणि व्यवसाय हळदीचा. वडिलांची पेढी लहान, पण नाव चोख. दोघे भाऊ, अण्णा थोरले, मी धाकटा. १९८१ साली मला बँकेचे नेमणूकपत्र आले, तेव्हा ते वडिलांच्या हाती देताना माझा हात कापत होता. घरातील दुसरा मुलगाही गादीवर बसणार, हे त्यांनी गृहीत धरले असणारच. त्यांनी चष्मा लावला, पत्र दोनदा वाचले आणि दुकानात बसलेल्या शेतकऱ्यांना मोठ्याने वाचून दाखविले. मग हमालाला पाठवून गूळ आणविला आणि सर्वांच्या हातावर ठेवला. मला ते काहीच बोलले नाहीत. मला ‘नाही’ म्हणण्याची मुभा इतक्या सहज मिळाली की ती मिळाली आहे हेही माझ्या ध्यानात आले नाही.

१९९४ साली वडील गेले. बँकेच्या सेवाशर्तींमुळे मला व्यापार करता येत नव्हता. अण्णा म्हणाले, “तू नाहीस तर तुझ्या मुलाचं नाव घालतो. बापाची पेढी आहे, तुझी शाखा तोडून मला पुण्य लागायचं नाही.” अशा मनाचा तो माणूस. १९९५ साली नवे करारपत्र झाले. अण्णा आणि वहिनी भागीदार; माझा सात वर्षांचा मुलगा आणि अण्णांचा दहा वर्षांचा मुलगा, दोघे अज्ञान. माझ्या मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ म्हणून सही माझी.

येथे थोडे थांबून भागीदारीचा कायदा सांगावयास हवा, कारण पुष्कळ व्यापारी कुटुंबांत याविषयी गैरसमज आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम ३० नुसार अज्ञान व्यक्ती भागीदार होऊच शकत नाही. सर्व भागीदारांच्या संमतीने तिला केवळ भागीदारीच्या लाभात सामील करून घेता येते. नफ्यात वाटा मिळतो. तोटा आला तर पेढीतील तिचा वाटा जाऊ शकतो, पण ती स्वतः व्यक्तिशः जबाबदार नसते. मात्र सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत तिने जाहीर नोटीस देऊन सांगावयाचे असते, की मी भागीदार होतो अथवा होत नाही. आणि काहीच सांगितले नाही तर? तर सहा महिने संपताच ती भागीदार झाली, असे कायदा मानतो. एवढेच नव्हे, तर ज्या दिवशी तिला बालपणी लाभात सामील केले, त्या दिवसापासूनच्या पेढीच्या सर्व देण्यांना ती व्यक्तिशः जबाबदार होते. सात वर्षांचा असताना झालेल्या कर्जाला अठराव्या वर्षीचे मौन जामीन राहते.

हे कलम मला एम. कॉम.च्या वेळेपासून पाठ होते. बँकेच्या खातेअंतर्गत परीक्षेत त्यावर मी दोन वेळा उत्तर लिहिले आहे.

मुलगा वाढत होता तो माझ्या रजांच्या हिशेबाने. शनिवारी रात्रीच्या एस.टी.ने मी घरी येई, रविवारी संध्याकाळी परत जाई. तो लहान असताना स्टँडवर येऊन उभा राही आणि माझ्या हातातील पिशवी ओढून घेई, कारण मी ज्या गावी असे तेथील दगड त्याच्यासाठी आणावेत, असा आमचा करार होता. इतर मुले खाऊ मागत, हा दगड मागे. त्याच्या चड्डीच्या खिशातील दगडांनी धुण्याचे दोन बंब फुटले, असे सौ. आजही सांगतात, यात अतिशयोक्ती आहे, पण एक बंब मी स्वतः डाग देऊन आणला आहे. बुटांच्या जुन्या खोक्यात तो दगड मांडून ठेवी आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी: ‘नांदेड, रेल्वेजवळ’, ‘चिपळूण, बाबा’. मला ते कौतुकाचे वाटे. मुलाचा खेळ आहे, मोठा झाल्यावर सुटेल, असेही वाटे. मुलाची पुढची दिशा खोक्यात मांडून ठेवलेली असते आणि आपण त्यावरून केर काढतो.

२००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीजवळच्या हरिपूरला, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमापाशी, हळद साठविण्याची जमिनीखालची पेवे आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तोंड अरुंद, पोट मोठे. तेथील मातीचा गुण असा की हळद वर्षानुवर्षे चांगली राहते. त्या पुरात अनेक पेवांत पाणी शिरले. आमच्या पेढीचा मालही गेला. अण्णांनी कॅश क्रेडिट वाढवून घेतले, काही खासगी उचलही केली, पण कोणत्याही शेतकऱ्याची पट्टी थकविली नाही.

आणि फेब्रुवारी २००६ मध्ये माझा मुलगा अठरा वर्षांचा झाला.

मला तारीख ठाऊक होती, कलम ठाऊक होते, पेढीवरील देणेही ठाऊक होते. सहा महिने म्हणजे ऑगस्ट. त्या सहा महिन्यांत मी किमान दहा रविवार घरी होतो. बारावीची परीक्षा आहे, आत्ता नको. निकाल लागू दे. प्रवेशाची धावपळ आहे, अशा एकेक सबबीने मी ते पुढे ढकलीत गेलो. खरे कारण निराळे होते. ज्या भावाने आपण होऊन माझ्या मुलाला वाटा दिला, त्याच्या पेढीत पुराचे पाणी शिरल्यावर माझ्या मुलाने नाव काढून घ्यावे, हे मला तोंडाने उच्चारता येत नव्हते. त्याहूनही आतले एक कारण होते, ते मला पुढे फार उशिरा उमगले. १९८१ साली मी वडिलांच्या गादीवरून उठून गेलो, त्याची भरपाई माझ्या मुलाने करावी, अशी माझी इच्छा होती.

पुण्याला विज्ञान शाखेत प्रवेश झाला, तेव्हा वसतिगृहाच्या अर्जांच्या गठ्ठ्यात मी त्याच्या बँक खात्याचा अर्जही ठेवला. पेढीतील वाट्याची रक्कम त्या खात्यात जमा होत असे. “इथे सही कर, इथे कर, आणि इथे,” असे मी बोट ठेवून दाखवीत गेलो. ‘शिल्लक मान्य आहे’ या ओळीखालीही त्याने सही केली. वाचली नाही. वडिलांनी बोट ठेवलेल्या जागेवर मुले वाचून सही करीत नाहीत.

ऑगस्ट आला आणि गेला.

सप्टेंबर २००७ मध्ये मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी होतो. पर्युषण नुकतेच संपले होते आणि क्षमापनेची दीडशे छापील पत्रे मी आठच दिवसांपूर्वी टपालात टाकली होती. रात्री मुलाचा फोन आला. “बाबा, दिवाणजी आलेत. बँकेला कागद द्यायचेत, भागीदार म्हणून माझी सही पाहिजे म्हणतात. मी भागीदार कधी झालो?”

मी म्हणालो, “गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये.”

इतके नेमके उत्तर! बँकेतल्या माणसाच्या तोंडून दुसरे काय येणार?

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आणि तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“हो.”

त्याने फोन ठेवला. दिवाणजींना त्याने रात्री मेसमध्ये जेवू घातले, सकाळच्या गाडीत बसवून दिले आणि सही केली नाही, हे मला दोन दिवसांनी अण्णांकडून कळले. सौ.ना त्याने त्याच रात्री सांगितले होते. मी घरी गेलो, तेव्हा त्यांनी ताट वाढले आणि समोर बसून म्हणाल्या, “परक्या मुलांच्या वाढदिवसाची पत्रं पाठवत होतात ना तुम्ही? यादी काढून?” त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मी जेवलो की नाही, ते आठवत नाही.

तोंडाने जे सांगता येईना, ते मी पत्रात लिहिले. चार पाने. पेढीवर किती देणे आहे, कोणाचे आहे, पुरात काय गेले, सर्व आकड्यांसह. आणि कलम ३० मधील एक तरतूद, जी घाईत वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटते: सहा महिने सज्ञान झाल्यापासून मोजावयाचे, किंवा आपल्याला लाभात सामील केले आहे हे कळल्यापासून, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून. मला ठाऊक नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र तसे म्हणणाऱ्यावर असते. मी लिहिले, ‘तुझे सहा महिने आता सुरू झाले आहेत, मार्चपर्यंत आहेत. तुला माहीत नव्हते याला साक्षीदार लागला, तर मी उभा राहीन.’ शेवटी क्षमा मागितली. दीडशे छापील पत्रे पाठविताना ज्याचे नाव यादीत आले नव्हते, त्याची.

उत्तर आले नाही. दिवाळीत तो स्वतः आला.

ते दहा दिवस मी विसरू शकत नाही. तो रोज सकाळी अण्णांबरोबर पेढीवर जाई, दुपारभर गादीवर बसे, खाती पाही, प्रश्न विचारी. वहीपूजनाला अण्णांच्या उजवीकडे बसला. अण्णांचा चेहरा उजळला होता. एके दिवशी दोघे हरिपूरला गेले. संध्याकाळी अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरगं लागलं बघ धंद्याला. पेवाच्या तोंडाशी दोन तास बसला होता. हलेना!” मी मुलाच्या खोलीत गेलो, तर टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मातीचे सात-आठ ढीग मांडलेले, आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी. “बाबा, ही माती पाणी का धरत नाही ते बघायचंय,” तो म्हणाला. सप्टेंबरनंतर त्याने आपण होऊन माझ्याशी बोललेले ते पहिले वाक्य. मी खुर्ची ओढून बसलो. पेव उघडले की माणूस लगेच आत उतरत नाही, कोंडलेली हवा आधी जाऊ देतात, हे काकांनी सांगितलेले त्याने मला सांगितले. त्यामागचे कारणही सांगितले. मला हळदीच्या घरात जन्मून ते ठाऊक नव्हते. अण्णांना मात्र मी खरे काय ते सांगितले नाही. तेही माझे मौनच.

फेब्रुवारी २००८ मध्ये नोटीस प्रसिद्ध झाली. कायद्याला अशी नोटीस राजपत्रात आणि जिल्ह्यातील एका देशी भाषेतील वृत्तपत्रात लागते, शिवाय भागीदारी संस्थांच्या निबंधकाला कळवावे लागते. सांगलीच्या दैनिकात, एका प्लॉटच्या हक्काची नोटीस आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटची नोटीस यांच्या मधोमध, माझ्या मुलाचे पूर्ण नाव होते. खाली वकिलाची सही. नऊ ओळी होत्या.

मी त्या दिवशी रजा घेऊन अण्णांकडे गेलो. ते रागावतील, याची तयारी करून गेलो होतो. ते म्हणाले, “पोरानं मला आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं. कायद्याला पेपर लागतो, ते मला कळतं. पण तू? मी बँकेत सांगून बसलो होतो की पुतण्या आता मोठा झाला, नवा भागीदार आलाय. तू गप्प होतास, म्हणून मी समजलो की तुम्हा बापलेकांचं बोलणं झालंय.” माझ्या एका मौनाने दोघांना फसविले होते, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलेही नव्हते. अण्णांनी पुढच्या वर्षी एक गोदाम विकले आणि देणी फेडली. मुलाच्या नावावरील शिल्लक पै न् पै दिली. ती घेताना त्याने अण्णांना लिहून दिले: ‘शिल्लक मान्य आहे.’ या वेळी वाचून.

त्या पैशांतून त्याने भूगर्भशास्त्रात एम. एस्सी. केले. आता तो जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत भूजलाचे काम करतो. मिळकत बेताची आहे. पुतण्याच्या दिवाणजींचा पगार त्याच्या पगाराच्या जवळपास जातो, हे सांगितल्यावाचून आमच्या नातेवाइकांना घास जात नाही. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तो मला बरोबर घेऊन गेला. एका विहिरीच्या काठावर उभे राहून तो शेतकऱ्याला काळ्या दगडाचे थर दाखवीत होता. हा घट्ट, यात पाणी नाही. हा झिजलेला, भोकाभोकांचा, यात आहे. म्हणून बोअर आणखी खोल नेऊ नका, पैसे जातील. शेतकऱ्याने माझ्यासाठी झाडाखाली घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी आणून दिले आणि शेजाऱ्याला सांगितले, “साहेबांचे वडील आहेत.” अडतीस वर्षे लोकांनी मला साहेब म्हटले, त्या दिवशी मी प्रथमच साहेबांचा वडील झालो. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून त्याने काम लवकर आटोपते घेतले, हेही माझ्या लक्षात आले. तो स्वतः ते पाळत नाही. माझ्यासाठी पाळले.

आता पुतण्याचे ते वाक्य.

तो आज चाळिशीचा आहे. अण्णांनंतर पेढी त्यानेच वाढविली. त्याचा मुलगा यंदा बारावीला आहे, अठराला पाच महिने उरले आहेत. नव्या करारपत्रात त्या मुलाला लाभात सामील करण्याचा मसुदा पुतण्याने आणला होता. मी विचारले, “पाच महिन्यांसाठी कशाला?”

“सवय लागावी म्हणून,” तो म्हणाला. मग मसुद्याची पाने सारखी करता करता थांबला. “काका, तुमच्याकडची नोटीस आली ना, तेव्हा तो पेपर आधी मीच वाचला होता. अण्णांच्या शेजारी बसून. तोपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की असे सहा महिने असतात. माझे तर चार वर्षांपूर्वीच संपले होते.”

मला काय बोलावे ते सुचेना. मी म्हणालो, “तुला दुसरं काही करायचं होतं का रे?”

“नाही. मला धंदाच आवडतो. मी होच म्हटलं असतं, काका,” तो म्हणाला. “पण म्हणायला मिळालं असतं.”

अठरा वर्षांचे पालकत्व त्याच्या वडिलांनी मनापासून केले होते, आणि मी त्याचा काका, कलम तोंडपाठ असलेला. २००३ साली त्याच्या अठराव्या वाढदिवसाला मी हजर होतो. त्याला मनगटी घड्याळ दिले होते.

पुढच्या रविवारी तो मुलाला घेऊन आला. मी कलम ३० चे पान मोठ्या अक्षरांत छापून ठेवले होते. मुलाने ते दोनदा वाचले. मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला होता, ही विशेष गोष्ट. मग त्याने माझ्याकडे न पाहता वडिलांकडे पाहून विचारले, “आणि नाही म्हटलं, तर घरात राहता येतं ना?”

पुतण्या मोठ्याने हसला. हसता हसता मध्येच थांबला आणि म्हणाला, “येतं. जेवायलाही मिळतं.”

मसुदा त्याने पिशवीत परत ठेवला. मुलाने त्या पानाची घडी करून खिशात घातली. त्याची जन्मतारीख मी विचारून घेतली आणि डायरीत लिहिली. तांबडे पेन शोधायला थोडा वेळ लागला.